मुदतीतली अंगठी

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मुलाच्या घरी मी पहिल्यांदा गेलो, आणि ज्या खुर्चीत बसलो तिच्या पाठीला लटकणारा टॅग सगळा वेळ माझ्या कानाला गुदगुल्या करत होता. नवी खुर्ची, टॅग काढायचा राहिला असेल, असं वाटून मी मदतीच्या भावनेनं तो तोडायला हात घातला. त्याबरोबर मुलाचे वडील, म्हणजे माझे होणारे व्याही, चहाचा कप अर्धवट सोडून उठले.

"मामा, असू दे, असू दे. मुदतीत आहे."

मी हात मागं घेतला आणि आजूबाजूला पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ मुदतीत होतं. कोपऱ्यातला उंच दिवा मुदतीत होता. पायाखालच्या गालिच्याच्या कोपऱ्याला टॅग होता आणि आम्ही सगळे जण त्याच्यावरून पाय उचलून चालत होतो. दुकानदार वस्तू महिनाभरात परत घेतो. तोवर टॅग तोडायचा नाही, खोकं फेकायचं नाही आणि वस्तूवर जीव जडू द्यायचा नाही, असा त्या घराचा रिवाज होता. महिना संपत आला की घरातली तिघं बसत, वस्तूवर चर्चा करत, आणि तेवढ्याच पैशांत दुसरीकडे काही बरं मिळत असेल तर ही परत जाई आणि ती येई. तिला पुन्हा नवी मुदत.

"आधीचा गालिचा याहून मऊ होता," विहीणबाई म्हणाल्या. घरातलं माणूस गेल्यावर बोलावं तसा त्यांचा आवाज झाला होता.

"मग परत का केलात?" माझ्या बहिणीनं, म्हणजे मुलीच्या आईनं, विचारलं.

"हा रुंद होता ना ताई, त्याच किमतीत."

माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर सगळ्यांचाच वेळ वाचला असता. व्याही एका मोठ्या गोदामाची व्यवस्था बघून निवृत्त झाले होते. मुलगा इस्पितळाच्या खरेदी विभागात होता. पट्ट्या, सुया, हातमोजे, जे काही लागेल ते तो दहा जणांकडून भाव मागवून घ्यायचा. माझी भाची कृत्रिम दात बनवते. इस्पितळाला लागणाऱ्या कवळ्या तिच्या कारखान्यातून जातात, आणि त्यांचा भाव पाडायला हा तिथं गेला होता. भाचीनं हातातला दात खाली न ठेवता सांगितलं की ही वस्तू एकाच माणसाच्या तोंडासाठी बनते, दुसऱ्याला बसत नाही, परत येत नाही आणि म्हणून तिचा भाव कमीही होत नाही. तो तासभर घासाघीस करून पूर्ण भाव कबूल करून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, आणि या वेळी भावाबद्दल बोलला नाही.

मान मागं टाकून हसायचा. माझ्या बहिणीचे गुडघे दाखवायला डॉक्टरांकडे तिच्याबरोबर रांगेत बसला होता, न सांगता, पूर्ण सकाळ. भाची त्याच्यावर खूश होती. आम्हीही होतो. टॅगकडे आम्ही हौस म्हणून पाहत होतो. कुणाला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद असतो, तसा.

मग अंगठी घ्यायला गेलो. मी निवृत्त आणि माझ्याकडे गाडी, या दोन गुणांवर माझी निवड झाली होती.

दुकान थंडगार आणि इतकं उजळलेलं होतं की आमच्या नखांतला मळसुद्धा किमती वाटावा. काउंटरमागं एक बाई होत्या. त्यांनी गालातल्या गालात हसून विचारलं, "काय दाखवू?" जावईबापूंनी खिशातून स्वतःचं भिंग काढलं. बाईंचं हसू जागच्या जागी राहिलं, पण आतून कुणीतरी निघून गेल्यासारखं झालं.

"बरोबर एक कॅरेटचा घ्यायचा नाही," त्यानं आम्हाला समजावलं. "आकडा पूर्ण झाला की भाव उडी मारतो. जरा अलीकडचा घ्यायचा. डोळ्याला फरक कळत नाही."

"बरं," भाची म्हणाली.

"रंगही अगदी पांढराशुभ्र नको. पिवळ्या सोन्यात बसवला की थोडी पिवळी झाक कुणाच्या बापाला दिसत नाही. डाग असला तरी कडेला असावा. हिऱ्याला धरणारी ही सोन्याची नखी आहे ना, तिच्याखाली तो झाकला जातो. पैसा घालायचा तो फक्त कटमध्ये, म्हणजे पैलू कसे पाडलेत त्यात. चमक कटची असते."

"साहेब या धंद्यात आहात का?" बाईंनी विचारलं.

"नाही, मी गिऱ्हाईक आहे," तो म्हणाला. त्यात त्याला मोठा अभिमान होता.

खरं सांगायचं तर त्याचं एकही वाक्य चूक नव्हतं. माझ्या लग्नात मला हे कुणी सांगितलं असतं तर मीही दोन पैसे वाचवले असते. तो एकेक अंगठी भिंगाखाली धरत होता तेव्हा भाचीनं बाजूच्या तबकातली एक उचलून बोटात घातली. छोटासा हिरा, साधी बैठक. बरोबर बसली. तिनं बोटं पसरून हात जरा लांब धरला, दात तयार झाल्यावर ती उजेडात धरते तसा.

"ही?" तो म्हणाला. त्यानं ती तिच्या बोटातून हलकेच काढली, भिंगाखाली धरली आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसं म्हणाला, "दिसायला छान आहे. पण बघ, एवढ्याच पैशांत हिच्या दीडपट मोठा हिरा मिळतोय." आणि त्यानं दुसरी पुढं केली.

ती खरोखरच मोठी होती. हिराही आणि अंगठीही. भाचीच्या बोटात घातली तर गोल फिरून हिरा तळहाताकडे गेला.

"या मापाला सहसा कुणी येत नाही, म्हणून सवलत आहे," बाई म्हणाल्या. "माप कमी करून देऊ आम्ही. फुकट."

"आणि माप कमी केल्यावर परत घ्याल?"

"नाही साहेब. मग ती यांची झाली ना. आणि हे सील." अंगठीच्या कड्यातून प्लॅस्टिकचा एक बारीक पारदर्शक दोरा ओवलेला होता, त्याच्या टोकाला नखाएवढा टॅग. "हे तुटलं तरी परत नाही. पण अंगठी आहे, साहेब. लोक इथंच कापून घेतात. हवी तर कात्री देते."

"लोक बऱ्याच गोष्टी करतात," तो म्हणाला. "राहू दे."

भाचीनं तळहाताकडे गेलेला हिरा फिरवून वर आणला. मी म्हणालो, "दुकानात एसी फार आहे." प्रसंगी मला जे सुचतं ते असं असतं.

अंगठ्या घालायच्या समारंभाआधी तो तिच्या घरी आला. कड्याच्या आतल्या बाजूला त्यानं स्वतः सुती दोरा गुंडाळला, म्हणजे अंगठी बोटावरून फिरणार नाही आणि दुकानात परत द्यायच्या वेळी उलगडता येईल. मग टॅग वळवून तिच्या तळहातावर बसवला आणि इस्पितळात मिळते ती कातडीच्या रंगाची पट्टी वरून लावली. पट्टीच्या कडा अंगठ्यानं दाबल्या, वर फुंकर घातली. इतक्या हळुवारपणे, की दारातून पाहणाऱ्या माझ्या बहिणीनं डोळ्यांना पदर लावला. "किती जपतो गं तिला," ती मला म्हणाली. मी पट्टीकडे पाहत होतो.

समारंभात भाचीची मूठ मिटलेली. फोटोग्राफर हैराण झाला.

"ताई, हात उघडा जरा. बोटं सरळ."

"नको, असंच घ्या."

"अहो, हात असा धरलाय जसं काही कुणाला ठोसा मारायचाय."

पाहुण्यांनी पट्टी पाहिली, भाजलं का विचारलं. विहीणबाईंनी तत्परतेनं सांगितलं की हो, थोडंसं. आमच्या घराण्यातली एक लांबची मावशी जेवण होईपर्यंत भाजण्यावरचे उपाय सांगत राहिली.

परत येताना भाची गाडीत माझ्या शेजारी बसली होती. पट्टी काढून तिनं टॅग बोटांत धरला होता.

"मामा, मला एकच हवंय. त्यानं हा कापावा."

"कापेल की. महिनाभराचा तर प्रश्न."

"मुदत संपल्यावर तर दुकानसुद्धा म्हणतं की अंगठी माझी. त्यानं आधी म्हणावं. एक दिवस आधी म्हटलं तरी चालेल. मग त्या घरात मी खुशाल जाईन, गालिचे बदलत राहा म्हणावं."

"आणि नाही कापला तर?"

ती खिडकीबाहेर पाहत राहिली. तिला तो फार आवडत होता. तेवढं त्या खिडकीलाही कळलं असेल.

पुढचे दिवस अंगठी कमी आणि टॅग जास्त सांभाळण्यात गेले. कामावर प्लॅस्टर, मेण, पाणी, घासण्याचं यंत्र. भाची सकाळी अंगठी काढून कवळीच्या एका रिकाम्या डबीत ठेवायची. संध्याकाळी त्याचा फोन यायचा. पहिला प्रश्न, "जेवलीस?" दुसरा, "टॅग ठीक?" एकदा टॅगवर चहाचा थेंब पडला. त्यानं येऊन तो कापसानं टिपला, उजेडात धरून पाहिला आणि सुटकेचा श्वास सोडला. भाचीचा हात त्याच चहानं भाजला होता. तोही त्यानं पाहिला, मलमही लावलं. पण आधी टॅग.

मग एक दिवस तो फार आनंदात आला. मी तिथंच होतो. दुसऱ्या दुकानात त्याला याच वजनाचा हिरा सापडला होता, रंग एक पायरी वर, भाव तोच.

"ही परत करू आणि ती आणू. अजून मुदत आहे."

"मग तिचा टॅग लगेच कापशील?" भाचीनं विचारलं.

"तिला नवी मुदत मिळेल ना. हाच तर फायदा."

"मला ही आवडायला लागलीय."

"तेच म्हणतो मी, घाई करू नये. आवडायला लागलं की माणूस फसतो." तो हसला, मान मागं टाकून. मग तिचा चेहरा बघून थांबला. "अगं, तू मला हवीच आहेस. त्यात बघायचं काही नाही. प्रश्न फक्त अंगठीचा आहे."

"मग तेवढी एकच वस्तू न बघता घे. आत्ता काप."

"न बघता?" त्याला खरोखरच कळेना. "टॅग कापला की ती वापरलेली होते, राणी. मग तिला काही किंमत राहत नाही."

तो हे प्रेमानं म्हणाला. मी शपथेवर सांगू शकतो.

मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना भाचीनं त्यांच्या घरी रविवारी दुपारी चहाला येतो म्हणून कळवलं. माझी बहीण, भाची आणि मी. खुर्ची बदललेली होती. नवीचा टॅग खालच्या बाजूला होता, त्यामुळं कान वाचला. विहीणबाईंनी चहा दिला. भाचीनं पर्समधून दातांच्या तारा कापायची तिची बारीक कात्री काढली आणि टेबलावर त्याच्यासमोर ठेवली. शेजारी स्वतःचा हात ठेवला, तळवा वर. टॅग उताणा पडला होता.

"काप."

तो हसला. इतर कुणी हसलं नाही, म्हणून तोही थांबला.

"आज?"

"आज."

"अगं, शुक्रवारपर्यंतचा तर प्रश्न आहे," विहीणबाई म्हणाल्या. "शुक्रवारी आपण केक आणू आणि सगळ्यांसमोर कापू. छान कार्यक्रम होईल."

"शुक्रवारी तो आपोआपच तुटल्यासारखा आहे, आई," भाची त्यांना म्हणाली.

व्याही चष्मा पुसू लागले. "सूनबाई, तुमच्या भावना समजतात. पण हातातला हक्क कारण नसताना कशाला सोडायचा? परत करायची आहे असं नाही. करता येते, एवढंच. त्यात मनाला एक स्वस्थता असते."

"मला नाही वाटत स्वस्थ," भाची म्हणाली.

त्यानं कात्री उचलली. बोटं तिच्या कड्यांत घातली. दोऱ्याजवळ नेली. त्याच्या कपाळावर घाम आला होता आणि मला त्याची खरंच कीव आली. तो प्रयत्न करत होता. जन्मभर एका बाजूनं चालायला शिकवलेल्या माणसाला दुसऱ्या बाजूचं पाऊल उचलायला सांगितलं होतं. कात्री दोऱ्याला टेकली. मग त्यानं ती टेबलावर परत ठेवली, आवाज होणार नाही अशी.

"शुक्रवारी नक्की," तो म्हणाला. "वचन."

भाचीनं कात्री उचलली आणि कापलं. टॅग बशीत पडला.

कुणी ओरडलं नाही. व्याह्यांनी झटकन बशीतून टॅग उचलला, रुमालानं पुसला आणि खिडकीपाशी नेला. "मुळाशीच कापलाय," ते म्हणाले. "दोरा शिल्लक नाही फारसा."

"पडलेला तुकडा शोधा, बाबा," तो म्हणाला, आणि गुडघ्यांवर बसून गालिच्यावर हात फिरवू लागला. विहीणबाई शिवणाचा डबा घेऊन आल्या. त्यात नायलॉनचा पारदर्शक धागा होता, अगदी तसाच. तिघांत एकही शब्द वाया गेला नाही. मी पुष्कळ कुटुंबं पाहिली आहेत, संकटात इतकं एकजीव झालेलं दुसरं पाहिलं नाही.

"अंगठी दे जरा," तो भाचीला म्हणाला. "एकच मिनिट हं."

तिनं काढून दिली. बोटातून काढताना आतला गुंडाळलेला दोरा सुटून तिच्या हातात राहिला.

त्यानं धागा ओवला, विहीणबाईंनी गाठ मारली, व्याह्यांनी मेणबत्ती धरली, त्यानं गाठ वितळवून गुळगुळीत केली. मग तो उठला, आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद होता की क्षणभर मलाही बरं वाटलं. अंगठी त्यानं तिच्यापुढं धरली.

"बघ. कळतसुद्धा नाही."

भाचीनं वाकून पाहिलं. बारीक कामाची तिला पारख आहे.

"छान जमलंय," ती म्हणाली. "नख लावलं तर कळेल."

तिनं कात्री पर्समध्ये ठेवली आणि हात पुढं केला नाही. तो अंगठी धरून उभा राहिला. हात पुढं येत नाही हे त्याला कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्यानं आधी अंगठीकडे पाहिलं, तिच्यात काही राहून गेलं का म्हणून.

"चला मामा," भाची म्हणाली. माझ्या बहिणीनं चहा संपवलेला नव्हता. ती उभी राहिली आणि पुन्हा बसली आणि पुन्हा उभी राहिली.

दुकानातल्या बाईंनी नख लावलं. अंगठी परत घेतली नाही. त्यानंतर आमच्याबद्दल जे बोललं गेलं त्यात मुलगी तापट आहे, हेकट आहे, कात्री घेऊन फिरते, इथपर्यंत सगळं होतं, आणि शेवटचं तर खरंच होतं. आम्ही दुखावलो ते त्यामुळं नाही. माझी बहीण आजही मधूनच म्हणते, "एवढ्याशा दोऱ्यासाठी." तिच्या गुडघ्यांबरोबर डॉक्टरांकडे आता मी जातो. रांगेत मी तिला हसवू शकत नाही.

तो दोनदा कारखान्यात आला होता. भाची पहिल्यांदा भेटली. तो म्हणाला की अंगठी आता कायमची आहे, परत करता येतच नाही, मग आता अडचण काय? ती म्हणाली, "अडचण नाही. अंगठी ठेवून घे." दुसऱ्यांदा ती भेटली नाही. आत बसून एकच दात दिवसभर घासत होती. इतका, की तो नव्यानं करावा लागला.

वर्ष उलटलं आणि त्याचं लग्न ठरलं. मला हे त्याच फोटोग्राफरनं सांगितलं. भाचीला ओळखपत्रासाठी फोटो हवा होता म्हणून मी तिला त्याच्या स्टुडिओत घेऊन गेलो होतो. त्या माणसाला चेहरे लक्षात राहत नाहीत, हात राहतात.

"ताई, तुम्ही त्या मुठीवाल्या ना?" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "त्याच मुलाच्या समारंभाचे फोटो काढले परवा. मुलगी जरा अंगानं भरलेली आहे. पण अंगठी काय बसली म्हणता. मापात. जशी काही तिच्यासाठीच घडवली."

मी त्याला डोळ्यांनी खुणावत होतो. लोकांना कॅमेऱ्यासमोर बसवणाऱ्या माणसाला दुसऱ्याची खूण कधी दिसत नाही.

"आणि मुलाचा रुबाब बघा," तो सांगत राहिला. "सरळ खिशातून काढली आणि घातली. डबी नाही, पट्टी नाही. मुलगी सगळ्यांना सांगत होती, यांनी मागंपुढं पाहिलं नाही, पहिल्या भेटीतच म्हणाले, ही तुझी. असा माणूस नशिबानं मिळतो, म्हणत होती. रडली बिचारी आनंदानं."

भाची स्टुलावर बसली होती, पांढऱ्या पडद्यासमोर, हात मांडीवर.

"तिनं हात उघडा ठेवला होता?" तिनं विचारलं.

"अगदी. बोटं पसरून. मला सांगायचीही गरज पडली नाही."

"कशी दिसते ती अंगठी, उघड्या हातावर?"

"एक नंबर. चमक फार आहे हो तिला."

"कट चांगला होता," भाची म्हणाली. मग तिनं पाठ ताठ केली, मान सरळ केली आणि त्यानं सांगितलं तिकडे पाहिलं.